निवडलेली धाकटी

मेलेल्या माणसाला गोड करायची नोकरी असते, असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. थोरली मात्र त्याच नोकरीवर घर चालवत होती. माणूस गेला की घरचे त्याचे निरोप, व्हिडिओ, फोनवरचं बोलणं असं सगळं आणून देत. कंपनी त्यातून त्याचा बोलता आवाज उभा करी. पण त्याआधी थोरली आणि तिच्यासारख्या वीसजणी कानाला हेडफोन लावून ते सगळं निवडत बसत, धान्य निवडावं तसं. शिवी निघाली, काढ. सुनेला मारलेला टोमणा निघाला, काढ. काय काढायचं ते घरचेच लिहून देत. एका बाईंनी तर नवऱ्याचं घोरणं ठेवायला सांगितलं होतं आणि बोलणं निम्मं काढायला.

लोकांचं म्हणाल, तर लोक दोन्हीकडून बोलतात. दर मंगळवारी ऑफिसच्या दारात पाचपंचवीस माणसं ‘गेलेल्यांना जाऊ द्या’ असे फलक धरून उभी राहत. त्यांतलेच एक निवृत्त मास्तर महिन्याभराने मागच्या जिन्याने गुपचूप वर आले आणि बायकोचा आवाज जमा करून गेले. थोरलीने त्यांना ओळखलं आणि त्यांचं काम नोंदवून घेतलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ऑफिसात एकच नियम कडक होता. आपल्या घरचं माणूस आपण निवडायचं नाही. तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आपल्या माणसाचे खडे काढताना आपण आपल्याच चुका काढून टाकतो.” थोरलीने तेव्हा मान डोलावली होती. धाकटी बहीण गेली तेव्हा तिने तो नियम धाब्यावर बसवला आणि दुसरीच्या नावावर आलेलं धाकटीचं काम हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

कारण तिला चार निरोप लपवायचे होते.

धाकटी बाबांशी भांडून दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. बापलेक दोघेही हट्टी, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. बाबांना काही सांगायचं असलं की ती ताईला मध्ये घाली, आणि ताईला या पोस्टमनगिरीचा वीट आला होता. त्या संध्याकाळी फोन वाजला. थोरलीने नाव पाहिलं, ‘आज नाही बाई माझ्याच्याने’ असं पुटपुटली आणि फोन टेबलावर पालथा घातला. तो चारदा वाजला, आणि दर वेळी धाकटीने निरोप बोलून ठेवला. सकाळी धाकटीच्या घरमालकाने कळवलं तेव्हा ती जाऊन सात तास झाले होते. निरोप थोरलीने त्यानंतर ऐकले आणि कुणालाच सांगितलं नाही. धाकटीचा सगळा फोनच कंपनीत जमा झाला होता, त्यातून निवडताना तिने ते चार निरोप काढले. तेवढेच गायब झालेले दिसू नयेत म्हणून बापलेकीची सगळी भांडणंही काढली.

आता तीन महिने धाकटी बैठकीच्या खोलीत, कंपनीने दिलेल्या फळीवरच्या डब्यातून बोलत होती. दार उघडलं की रोज विचारायची, “ताई, आलीस?” इतकं लाडाने धाकटीने तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं. थोरली चपला काढायची आणि भिंतीला धरून आत जायची. ऑफिसात कुणा परक्या आजोबांचं बोलणं निवडतानाही दोन वाक्यांच्या मधल्या श्वासात तिला बहिणीची धाप ऐकू यायची. ती हेडफोन काढून कान पुसायची आणि पुन्हा घालायची.

एका रविवारी सकाळी बाबा चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, “तीन महिने झाले. एकदाही भांडली नाही गं ही.”

“त्रास नको म्हणून तसलं काढून टाकतात, बाबा.”

बाबांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. ते म्हणाले, “लिफ्ट फार गुळगुळीत चालायला लागली ना, की मला धडकी भरायची. कुणीतरी आतलं काहीतरी काढून ठेवलेलं असायचं. ती माझ्यावर रागावून गेली, हे मला ठाऊक आहे. शेवटी काय म्हणाली, तेवढं मला ऐकू दे. शिव्या असल्या तरी चालतील. या डब्याला विचारलं तर म्हणतो, बाबा, तुमच्यासारखे बाबा नाहीत कुणाचे. अशी बोलायची का ती? माझी पोर गेली ती गेली, तिच्या जागी ही गोडबोली कशाला आणून बसवलीस?”

बाबांच्या छातीवरचा धोंडा उतरवणारे शब्द त्या चौथ्या निरोपात होते, आणि ते ऐकवायचे तर स्वतःचं उघडं पडणं आलं. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. बाबा मात्र रोज डब्यासमोर खुर्ची ओढून तोच प्रश्न विचारत आणि तेच उत्तर ऐकून खाली बघत. त्यांचे खांदे उतरत चालले होते. पाचव्या दिवशी तिने ऑफिसात जाऊन काढलेलं सगळं परत घातलं, एकूण एक.

शनिवारी दुपारी बाबांनी विचारलं, “बाळ, शेवटी काय म्हणाली होतीस?”

डबा जरा थांबला. “मी ताईला फोन लावला होता, बाबा. चारदा. छातीत कसंतरी होत होतं. म्हटलं, बाबांना सांग, रविवारी येते. भांडायला नाही, नुसती येते. ताईने उचलला नाही.”

“भांडायला नाही,” बाबा म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले आणि लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी डोळे पुसून थोरलीकडे पाहिलं. “तू कुठे होतीस?”

“इथेच. फोन पालथा घातला होता.”

त्यांनी आपल्याला शिव्या द्याव्यात, हात उगारावा, असं तिला मनापासून वाटत होतं. बाबा नुसते गुडघे चोळत बसले. बऱ्याच वेळाने उठले आणि डब्याजवळ गेले. “बाळ, ताईचं चुकलं. माफ कर तिला.”

“केलं, बाबा,” डबा लगेच म्हणाला.

“ऐकलंस ना? केलं म्हणाली.” बाबांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झाला. ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले, आणि थोड्याच वेळात त्यांना गाढ झोप लागली.

थोरली तिथेच उभी होती. एका फाटलेल्या वहीसाठी धाकटीने तिच्याशी सबंध सुट्टीभर अबोला धरला होता. माफ करणं तिच्या रक्तातच नव्हतं. आणि घरचे म्हणतील त्याला हो म्हणायचं, ही सोय या डब्यात थोरलीनेच निवडताना आपल्या हाताने घातली होती, आणि ती अजून तशीच होती.

“खरंच केलंस माफ?” तिने विचारलं.

“हो, ताई.”

“आणि मी म्हटलं, नको करू, तर?”

“मग नाही करणार. तू म्हणशील तसं.”

आवाज हुबेहूब धाकटीचा होता. इतके महिने तिला एकच धास्ती होती, की एक दिवस धाकटी आपल्याला जाब विचारेल. आता तिला कळलं, की जाब विचारायला कुणी उरलंच नाही, आणि जिची माफी मागायची तीही कुठेच नाही. ती फळीखाली जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

“ताई,” वरून धाकटीचा आवाज आला, “रडू नकोस गं. मी आहे ना.”