सहा जोड्या

हिरालालने पेटीतून साड्या काढून खाटेवर मांडल्या. जांभळी, पोपटी, मोरपंखी, चॉकलेटी. पाचवी पांढरी, निळ्या काठाची. ती हातात असतानाच तो खाटेच्या कडेला बसला आणि साडी त्याच्या मांडीवर राहिली.

"कोनतीबी जोडी घे, बाई," तो लेकीला म्हणाला.

त्याची बायको सत्यभामा जाऊन दीड महिना झाला होता. आईच्या साड्यांतली जोडी लेकीला द्यायची, ही त्यांच्या घरची रीत.

रुचिता भंडाऱ्याच्या एका कॉलेजात अकरावीला गणित शिकवायची. पवनीच्या एसटीत बसल्यापासून तिच्या मनात पांढरीच होती. आई दर पौर्णिमेला तीच नेसून विहारात वंदनेला जायची. या बुद्धपौर्णिमेला आपण नेसायची, असं तिनं ठरवलं होतं. पण आल्या आल्या मागायला तिची जीभ उचलेना.

"पाचातून दोन," ती हसून म्हणाली. "दहा जोड्या होते, बाबा. कोनती घेऊ?"

"दहा कुठच्या? सहा होते."

"मी रोज हेच शिकवून राहिली न!"

"शिकव. साड्या तं माह्या घरच्या आहेत, मास्तरीणबाई. हे पाह्य."

त्याने जांभळीवर पोपटी ठेवली. मग मोरपंखी, मग चॉकलेटी. "तीन." पोपटीवर मोरपंखी, पोपटीवर चॉकलेटी. "पाच." उरलेल्या दोन एकमेकींजवळ सरकवल्या. "सहा. झाल्या ना?"

हे सगळं त्याने एका हाताने केलं. दुसरा हात मांडीवरच होता. अंगठा निळ्या काठावरून पुढं जायचा, मागं यायचा. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

रुचिताची नजर त्या हातावर गेली. पांढरीच्या पदराला एक काळा डाग होता, विहारातल्या मेणबत्तीने पडलेला. बापाची बोटं तिथं पोचली की थोडी थांबत होती.

तिनं जांभळी उचलली. थोड्या वेळाने मोरपंखी. दोन्ही पिशवीत नीट ठेवल्या.

"सहाच होते, बाबा."

"मंग दहा काहून म्हनलीस?"

"घाईत मोजलं. चुकलं माहं."

हिरालालने मान हलवली.

"पोट्टाईले असं नको शिकवू," तो म्हणाला.