माझे हरवलेले बावीस सेंटिमीटर

मी एक जुना सुती दोर आहे, मित्रांनो. लांबी शेहेचाळीस मीटर. माझे स्वतःचे वय विचारू नका, कारण माझ्या अंगावर सगळ्या पृथ्वीचे वय आहे आणि त्यापुढे आपले सांगायची लाज वाटते.

कारखान्यात मला तीन पदरांनी घट्ट वळले आणि थेट एका इस्पितळाच्या गच्चीवर नेऊन बांधले. तिथे मी अठरा वर्षे ओल्या चादरी पेलल्या. ओली चादर किती जड असते ते दोरालाच ठाऊक. मग कपडे वाळवणारे यंत्र आले आणि मला सोडले. वाटले, सुटलो एकदाचा! पण धुलाईखान्यातल्या काकूंची बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. तिने मला मागून घेतले. शाळेत तिला सगळे बाई म्हणत.

बाईंनी मला मोजले आणि त्यांना कोण आनंद झाला! पृथ्वीचे वय साधारण चारशेसाठ कोटी वर्षे. म्हणजे माझा एक मीटर दहा कोटी वर्षांचा आणि एक सेंटिमीटर दहा लाखांचा. त्यांनी माझ्यावर रंगीत चिंध्या बांधल्या. अकराव्या मीटरवर जिवाची पहिली चिंधी. त्यापुढे चाळिसाव्या मीटरपर्यंत बहुतेक सारे डोळ्यांना न दिसणारे जीव. मग एकदम गर्दी. मासे, झाडे, किडे, सरडे. शेवटून अडीच मीटरवर काळी चिंधी, कारण तिथे समुद्रातले बहुतेक जीव संपले. टोकापासून सहासष्ट सेंटिमीटरवर हिरवी, तिथे डायनासोर गेले. आणि अगदी टोकाला तीन मिलिमीटर लाल दोरा. तो माणूस.

दरवर्षी एकदा मला शाळेच्या लांब व्हरांड्यात पसरत. बाई सुरुवातीच्या टोकापासून सांगू लागत. मुले दहा पावले कशीबशी चालत, मग जांभया सुरू. "बाई, आपण कुठे?" एकाने विचारले की सगळी धावत सुटत ती लाल टोकाकडे. प्रत्येकाला तिथे बोट लावायचे असे. चिमटीत धरायचे, ओढायचे, "हा मी!" म्हणायचे. चाळीस मीटर मी नुसता पडून असे, आणि एका टोकाला जीव नकोसा होई. तिथला पीळ सुटे, सुते निघत.

मला गुंडाळून ठेवायचे काम शिपाईमामांचे. मामा भारी टापटिपीचे. पडद्याचे सूत लोंबलेले त्यांना खपत नसे, तिथे माझे काय खपणार? ते लाल दोरा सोडत, सुटलेले टोक कात्रीने कापत आणि दोरा पुन्हा नव्या टोकाला नीट गुंडाळत. दिसायला सगळे जिथल्या तिथे. मला कळत होते, पण दोराला तोंड कुठे असते?

अशी बावीस वर्षे गेली. बाई निवृत्त होणार होत्या. माझ्याबद्दल ठरले होते की उपयोगाचा असला तर नव्या सरांना द्यायचा, नाहीतर भंगारात. खरे सांगू? मी इतका थकलो होतो की भंगाराचे नाव ऐकून बरेच वाटले. पण बाईंचा चेहरा पाहवेना. शेवटचा तास होता त्यांचा.

त्या तासाला एक शिंप्याची मुलगी होती. तिच्या दप्तरात कायम बापाची जुनी टेप. सगळी टोकाशी झोंबत असताना ही हिरव्या चिंधीपाशी उकिडवी बसून मोजत होती.

"बाई, डायनासोर जाऊन साडेसहा कोटींच्या वर वर्षं झाली ना? मग सहासष्ट पाहिजेत. इथे चव्वेचाळीसच भरतात."

बाईंनी स्वतः मोजले. पुन्हा मोजले. मग त्या खालीच बसल्या. "दोन कोटी वीस लाख वर्षं! अहो मामा, गेली कुठे?"

"मी कशाला घेऊ बाई?" मामा म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "टोक विस्कटायचं हो. मी आपलं दरवर्षी नखभर... नीट दिसावं म्हणून."

"म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं."

चुकीचा दोर कोण ठेवणार? माझे ठरल्यातच जमा होते. आणि तीन मिलिमीटरचा खरा माणूस पहिल्याच वर्षी कात्रीत गेला होता, नंतर नुसता लाल दोरा मागे सरकत होता. माझ्यावरच्या बाकी कुणालाही त्याचे काही वाटले नव्हते.

मामा गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत बावीस तुकडे. "टाकवले नाहीत. चांगलं सूत होतं."

शिंप्याच्या मुलीने उशीच्या जुन्या अभ्र्याची बावीस सेंटिमीटरची नळी शिवली, तुकडे ओळीने आत भरले आणि ती माझ्या टोकाला टाचली. लाल दोरा परत आपल्या जागी गेला. दिसायला मी आता अगदीच बेंगरूळ आहे.

"राहू द्या तसंच," बाई म्हणाल्या. "आणि मामा, आता कात्री नाही."

"शपथ, बाई."

मग ती मुलगी टोकाला हात न लावताच उठली आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एकही चिंधी नाही. तिथे आपणहून कधी कुणी आलेच नव्हते. तिने मला हलकेच बोट लावले आणि एकेक पाऊल टाकत निघाली. तिच्यामागे बाई निघाल्या.

मित्रांनो, मी नव्या सरांकडे आहे. थकवा काही गेलेला नाही, पण एवढे ऐका. शेवटचे तीन मिलिमीटर तुमचे आहेत आणि ते सगळ्यात लवकर सुटतात. तेवढे जपून धरा. आणि याल तेव्हा आधी त्या रिकाम्या टोकापाशी या. वाट मोठी आहे, जांभई आली तरी चालेल.