मिस्त्रींचा कान

गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळायच्या आधीच मिस्त्री तिचं दुखणं सांगत. "हिचा पट्टा सैल झालाय," असं चहा पिता पिता म्हणायचे आणि झाकण उघडलं की नेमका पट्टाच सैल निघायचा. चाळीस वर्षं या कानावर त्यांनी संसार केला होता. गिऱ्हाइकं लांबून यायची, आणि मिस्त्रींनी "काही नाही, जा" म्हटलं की निर्धास्त निघून जायची.

असा माणूस मंगळवारी सकाळी दहा वाजता सतरंजीवर मांडी घालून खुळखुळा हलवत होता. मांडीत दीड वर्षाची नात, चिमी. तिच्या आईची नोकरी पुन्हा सुरू झालेली, बाप फिरतीवर, आणि आजीचे गुडघे जमिनीवर बसू देत नव्हते. लहान मुलांच्या त्या संगीतवर्गाचा नियम असा, की प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवंच, आणि त्याने नुसतं बसायचं नाही, गायचंही. पहिल्या मंगळवारी मिस्त्री ओठ घट्ट मिटून बसले होते. चौथ्यापर्यंत ते हत्तीच्या गाण्यात सोंडही हलवू लागले होते.

त्या दिवशी वर्गाच्या ताईंनी नवा खेळ काढला. "मी सगळ्यांच्या मागे जाऊन एकेक वाद्य वाजवणार," त्या म्हणाल्या. "मोठ्यांनी खूण करायची नाही. मुलं कुठे वळतात तेवढं बघायचं."

ढोल वाजला. सगळी पोरं वळली. खुळखुळा वाजला, पुन्हा वळली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मिस्त्री वाट बघत होते. एवढ्यात आठही पोरांच्या माना एकदम डावीकडे फिरल्या. चिमी तर हसून बोट दाखवायला लागली.

मिस्त्रींना वाटलं, खिडकीत पक्षी बसला असेल. त्यांनी शेजारी बसलेल्या, जुळ्यांच्या आईला हळूच विचारलं, "काय बघतायत सगळे?"

"घंटीकडे," ती म्हणाली. "किती गोड वाजतेय ना."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. कपाटाशी उभ्या ताईंच्या एका हातात घंटी म्हणून पितळेची बोटभर पट्टी दोऱ्याला लटकत होती, दुसऱ्या हातात बारीक काडी. काडी पट्टीवर पडत होती. पुन्हा पडत होती. आवाज नव्हता. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवावा तसं. क्षणभर त्यांना वाटलं, बाई नुसतं वाजवल्याचं सोंग करतायत. पण मांडीतली चिमी काडीच्या प्रत्येक ठोक्याला अंग उडवत होती.



वर्ग सुटल्यावर सगळे चपला शोधत असताना त्यांनी ती पट्टी टोपलीतून उचलली आणि कानाशी धरून वाजवली. काडी लागल्याची टिकटिक तेवढी कळली. पुढचा नाद, ज्याच्याकडे दीड वर्षाचं पोर वळलं होतं, तो त्यांच्यासाठी नव्हताच.

"मिस्त्री, ऐकू येत नाहीये का?" ताईंनी विचारलं.

"येतंय की," ते म्हणाले आणि पट्टी टोपलीत ठेवून चिमीच्या चपला शोधू लागले.

पायऱ्या उतरताना त्यांना व्हॅनवाल्या बाई आठवल्या. शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या या बाई आठ दिवसांपूर्वी आल्या होत्या. ब्रेक दाबला की बारीक चीं असं येतं म्हणत होत्या. मिस्त्रींनी शेजारी बसून दोन चकरा मारल्या होत्या. "आत्ता आला बघा," बाई सांगत होत्या, आणि मिस्त्री हसून म्हणाले होते, "बाई, माझ्या कानाला जे येत नाही ते गाडीत नसतं." चाक खोलून बघायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. ब्रेकचे पॅड झिजत आले की त्यातली पत्री घासून असाच बारीक आवाज करते, हे त्यांनीच दहा जणांना शिकवलं होतं.

त्यांनी फोन लावला. बाई उचलेनात. चिमीला कडेवर घेऊन ते जवळजवळ धावतच गॅरेजवर पोहोचले. तिथला जुना कारागीर, ज्याला सगळे लंबू म्हणत, गाडीखालून बाहेर येत होता.

"व्हॅन," मिस्त्रींना धाप लागली होती. "तिचे ब्रेक. मी तशीच सोडली."

लंबूने हात पुसले, चिमीला त्यांच्याकडून घेतलं आणि म्हणाला, "बसा आधी. त्याच दिवशी संध्याकाळी मी तिचे पॅड बदलून आलोय."

"तू?"

"आवाज फाटकापर्यंत येत होता."

"मग मला का नाही बोललास?"

लंबू चिमीच्या टोपीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "पहिलीच वेळ असती तर बोललो असतो. दोन वर्षं होत आली, मिस्त्री. तुमच्या हातून गेलेली प्रत्येक गाडी मी मागून ऐकतो. सुट्टी घेतलीय का मी कधी? लेकीच्या बाळंतपणाला गेलो तो एक दिवस सोडला तर?"

मिस्त्री टायरवर बसले. रागवावं की याचे पाय धरावेत, काहीच सुचेना. दोन वर्षं ज्याला आपण आपला कान समजत होतो, तो या माणसाचा होता. मग त्यांनी विचारलं, "तू नव्हतास त्या दिवशी कोण आलं होतं?"

लंबूचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

गॅरेजच्या वहीत त्या दिवशीच्या दोन गाड्या निघाल्या. एकीचं नुसतं तेल बदललेलं. दुसरी, नदीपलीकडे राहणाऱ्या निवृत्त मास्तरांची. त्यांच्या नावापुढे मिस्त्रींच्याच अक्षरात लिहिलं होतं: आवाजाची तक्रार, काही नाही.

ते तिघे तसेच निघाले. मास्तरांची गाडी दारातच उभी होती, मागच्या सीटवर दोन बॅगा ठेवलेल्या. मिस्त्रींनी जॅक लावला आणि पुढचं चाक उतरवलं. पॅड उरलाच नव्हता. लोखंडावर लोखंड घासून ब्रेकच्या तबकडीला बोट रुतेल असे चर पडले होते.

"उद्या सकाळी निघणार होतो," मास्तर म्हणाले. "मुलाकडे, डोंगर उतरून."

"आवाज येत नव्हता का तुम्हाला?" लंबूने विचारलं.

"येत होता की. पण मिस्त्री काही नाही म्हणाले, म्हणून मी लक्ष देणं सोडलं."

मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले होते. हात काळे, तोंड पांढरंफटक. त्यांना म्हणायचं होतं, मास्तर, माफ करा. पण घशातून निघालं ते भलतंच. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे लक्षच देत नाही," ती म्हणाली. "त्यापायी किती वेळा रुसले मी."

कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख दाखवला. सुरुवातीला सपाट चाललेली रेघ अर्ध्यात कड्यावरून ढकलल्यासारखी खाली पडली होती. यंत्राने थोडंफार परत येईल, सगळं नाही, असं ते म्हणाले. लंबूला मिस्त्रींनी पंधरा दिवस बळजबरीने रजेवर पाठवलं आणि तेवढे दिवस गॅरेजला कुलूप लावलं.

आता गाडीची चक्कर लंबूच मारतो. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला समोर बसवतात आणि आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगतात. चांगली मोठी माणसं ओशाळून चींचीं, खुर्रखुर्र करतात. मिस्त्री हसत नाहीत. त्यांच्या ओठांकडे बघत राहतात, आणि मग काहीही असो, चारही चाकं खोलतात.