नळीतली रेघ

मास्तरांनी काचपेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बाळाला कुशीवर वळवायला दोन बोटं तिच्या पाठीखाली सरकवली. सिस्टरने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“ओ मास्तर! काय करताय?”

“पाणी वर आलंय नळीत! डोकं खाली करायला हवं तिचं.”

“ते आम्हीच घातलंय. आधी हात बाहेर काढा बघू.”

हात बाहेर आला. बावीस वर्षं त्यांनी तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवलं होतं. सिस्टरचा मुलगाही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, म्हणून दवाखान्यातसुद्धा ते मास्तरच. आजवर अकरा बुडत्या माणसांना त्यांनी ओढून काढलं होतं आणि प्रत्येकाच्या बाबतीत धडपड एकच, पाणी बाहेर काढायची. त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. आणि इथे त्यांच्याच सहीने, त्यांच्या डोळ्यांदेखत, पोटच्या पोरीच्या फुप्फुसांत थेंब थेंब पाणी सोडणं चाललं होतं.

“पाणी म्हणू नका हो,” डॉक्टरबाई हातातल्या सिरिंजवरची नजर न हलवता म्हणाल्या. “पाण्याने घात झाला असता. हा द्रव वेगळा आहे. प्राणवायू भरपूर धरून ठेवतो आणि आत नेऊन सोडतो.”

मुलगी आदल्या दिवशी दुपारी जन्मली होती, सव्विसाव्या आठवड्यात. वजन साडेसातशे ग्रॅम, लांबी दीड वीत म्हणायची तीही उदार मनाने. फुप्फुसं पुरती तयार झालेलीच नव्हती. यंत्र हवा ढकलत होतं, पण ती आत शिरत नव्हती. सकाळी डॉक्टरबाईंनी मास्तरांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं.

“दुकानातली नवी पिशवी कशी असते? दोन्ही बाजू चिकटलेल्या. कितीही फुंका, उघडत नाही. जोर केला तर फाटते. पण तिच्यात पाणी ओता, आपोआप सुटत जाते. तसंच करायचं आहे. मात्र हा उपचार अजून प्रयोगातच आहे. इथे आतापर्यंत चार बाळांवर केला. दोन घरी गेली.”

“आणि दोन?”

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली आणि संमतीचा कागद पुढे सरकवला. “काहीच केलं नाही, तर संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही ती.”

मास्तर तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर बायकोकडे गेले. ऑपरेशननंतर ती डोळे मिटून पडली होती. तिला सांगताना त्यांचाच धीर सुटला. “छातीत पाणी भरायचं म्हणतायत गं. मी सही करू? मी?”

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. “मग पोटात काय हवा होती का तिला?”

मास्तरांनी तिथेच, तिच्या पलंगाच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली.

आता काचपेटीजवळच्या पडद्यावर आकडा चौऱ्याहत्तर होता, रक्तातल्या प्राणवायूचा. द्रव आत जात राहिला तसा तो अडुसष्टवर आला. मास्तरांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले, न जाणो पुन्हा आगाऊपणा करायचे. डॉक्टरबाई थांबल्या नाहीत. एक सिरिंज संपली, दुसरी आली. बोटाएवढ्या त्या छातीत इतकं मावतंच कसं, हे मास्तरांना कळेना.

मग आकडा थबकला. सत्तर झाला. एकोणऐंशी. पंच्याऐंशी. ओठांवरची निळसर छटा विरत गेली, जांभळट कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या. एक्क्याण्णव. तोंडातल्या पारदर्शक नळीत द्रवाची बारीक रेघ यंत्राच्या श्वासागणिक खाली जात होती, वर येत होती. त्यांची मुलगी पाण्याने भरली होती आणि जगत होती. मास्तरांना रडू आलं, आणि ते लपवावं हेही सुचलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस, जेवढा वेळ बसू देतील तेवढा, मास्तर त्या रेघेकडे बघत बसले. श्वासाबरोबर द्रव थोडा थोडा उडून जाई आणि सिस्टरला वरचेवर भर घालावी लागे. मास्तरांची नजर आता इतकी बसली की तिच्या आधी तेच सांगायचे.

“सिस्टर, रेघ उतरलीय. जरा बघता का?”

“मास्तर, तुम्हाला इथेच नोकरीला ठेवायला हवं,” सिस्टर म्हणे, आणि बघितलं तर ती खरंच उतरलेली असे.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. तिने मुलीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच डॉक्टरबाई आल्या.

“आजपासून भरायचं नाही. आहे तो द्रव उडून जाऊ दे.”

“का?” मास्तर उठून उभे राहिले. “छान चाललंय की तिचं! अजून दोन दिवस राहू द्या ना. एक दिवस तरी.”

“फुप्फुसं उघडलीत, मास्तर. आता त्यांना हवेवर यायला हवं. कधीतरी सोडायलाच लागणार.”

“आणि नाही जमलं तिला तर?”

“जमेल असं वाटतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तर सिस्टरकडे वळले, ती भर घालायची सिरिंज उचलून बाजूला ठेवत होती. ज्या माणसाला चार दिवसांपूर्वी एक थेंब आत जाऊ द्यायचा नव्हता, तो आता थेंबाथेंबासाठी गयावया करत होता.

“अहो,” बायको हळूच म्हणाली. “तुम्ही पोरांना पहिल्यांदा पाण्यात एकटं सोडता, तेव्हा काठावर त्यांच्या आया उभ्या असतात. बघितल्यात कधी?”

मास्तरांनी नव्हत्या बघितल्या. बावीस वर्षांत एकदाही नाही. ते येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि ती ढकलायच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या.

रेघ उतरत गेली. अकराच्या सुमाराला आकडा सत्त्याऐंशीवर आला, बराच वेळ तिथेच रेंगाळला, आणि नव्वदला परतला. दुपारी रेघ नळीच्या वाकणापलीकडे गेली, ती पुन्हा वर आलीच नाही. छाती उठत होती, बसत होती.

मास्तर गोंधळले. “आता कुठे बघायचं?”

“तिच्याकडे बघा की,” बायको म्हणाली.

त्यांनी वाकून पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तिचा चेहरा दिसला. कपाळावर चक्क आठी होती.