उपरण्याखालची रीत

चाकणच्या गुरांच्या बाजारात गेनू दलालाचं उपरणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. घेणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे, मधे गेनू आणि हातांवर ते उपरणं. भाव तोंडाने कुणी बोलायचा नाही. उपरण्याखाली बोटं दाबायची, जितकी बोटं तितका आकडा, आणि शेजारी उभ्या माणसाला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. गेनूची पोरगी पुतळा आकडे शाळेत शिकायच्या आधी या उपरण्याखाली शिकली. तिथेच तिला हेही कळलं, की आकडा सांगावा, पण तो कसा आला ते कुणाला दाखवू नये.

छप्पन्न सालच्या थंडीत हेच शिक्षण तिच्या अंगाशी आलं.

पुतळा तेव्हा मॅट्रिकला होती. तिला सायन्सला जाऊन पुढे गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. दात बघून बैलाचं वय सांगणारे बाजारात ढीगभर होते. बैल आडवा पडला की मात्र सगळे नुसते भोवती उभे राहायचे. तिला याचा भयंकर राग यायचा. चिंचवडला आत्याकडे राहायचं आणि तिथून रेल्वेने पुण्याच्या कॉलेजात जायचं, हा बेत तिने मनात कधीच पक्का केला होता. गेनूची ना नव्हती. पण तो पडला दलाल. पोरीची पूर्वपरीक्षा झाली तसा तिला घेऊन तो उद्धवराव मास्तरांच्या ओटीवर जाऊन बसला.

"मास्तर, सौदा व्हनार का न्हाई ते आधी सांगा. पोरगी पुन्याच्या दारातनं माघारी आली तर पुन्यांदा न्हाई धाडायचा मी. तिचं हसं झालेलं मला खपायचं न्हाई."

मास्तरांनी चष्मा पुसला. "गेल्या साली सायन्सला शेवटचं नाव साठ टक्क्यांवर लागलं. पुतळाला बावन्न आहेत."

"म्हंजे न्हाईच."

"आज नाही. पण मला एक कोडं पडलंय." मास्तरांनी गणिताचा पेपर पुढे सरकवला. "उत्तरं सगळी बरोबर आणि मार्क निम्मे. पुतळा, रीत कुठाय?"

"पुसली," पुतळा म्हणाली.

"पुसली?"

"रबरानं. रीत दाखवायची नसती ना, मास्तर."

मास्तर गेनूकडे बघायला लागले आणि गेनू आढ्याकडे.

"अगं, परीक्षक काही गिऱ्हाईक नव्हे," मास्तर हसू दाबत म्हणाले. "त्याच्यापासून काय लपवायचंय? निम्मे मार्क रीतीचेच असतात. सायन्सच्या उदाहरणांतही तू हाच उद्योग केलायस."

पुतळाने पेपर पुढ्यात ओढून घेतला. म्हणजे ते सगळे मार्क तिचेच होते! तिने स्वतःच्या हाताने, रबराने घासून घासून घालवले होते. घरी जाताना तिने मनातल्या मनात बेरीज केली, मग पुन्हा केली. दोन्ही वेळा आकडा साठच्या पुढे गेला. तिचे पाय इतके झपझप पडायला लागले की गेनूला मागून हाक मारावी लागली.

पण सवय अशी जाते थोडीच? गणित सुटलं की हात आपोआप रबराकडे. शेवटी गेनूने रबर काढून घेतलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. रोज संध्याकाळी गोठ्यात तो वैरण टाकायचा आणि पुतळा मोठ्याने गणित सांगत ओळीखाली ओळ लिहायची. गेनूला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला फक्त संशय घेता यायचा, आणि तो त्याने आयुष्यभर घेतला होता.

"हे तीन कुठनं आलं?"

"वरच्या वळीतनं, दादा."

"आनि वरच्या वळीत कुठनं आलं?"

असं विचारलं की पुतळा चडफडत आणखी एक ओळ लिहायची. पहिल्या आठवड्यात तर गेनू सारखा दाराकडे बघून म्हणायचा, "हळू बोल, शेजारी ऐकंल." सरुबाई, पुतळाची आई, चुलीपुढून हसायची. पुढे त्याची ती भीती मोडली. पुतळालाही गंमत वाटायला लागली. आपलं डोकं कुठून कुठे धावतं हे तिने पहिल्यांदाच कागदावर बघितलं, आणि ते तिला फार आवडलं.

मार्चात परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल शाळेत आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. मास्तरांनी मार्क वाचून दाखवले तशी पुतळा चपला शाळेतच विसरून बाजाराकडे पळाली.

गेनू एका खिल्लारी जोडीपाशी उभा होता. भोवती माणसांचा हा गराडा. पोरगी धापा टाकत आलेली दिसली तसा त्याचा चेहरा उतरला.  त्याने उपरणं पसरलं आणि त्याखाली हात पुढे केला. चार माणसांत वाईट बातमी कळायला नको, एवढीच त्याची तयारी.

पुतळाने हात आत घातला. आधी बापाची पाचही बोटं दाबली, मग एक. थांबली. मग तीन.

गेनूने तिची बोटं धरून ठेवली. "पुन्यांदा," तो पुटपुटला. तिने पुन्हा दाबली. पाच आणि एक. मग तीन.

तेव्हा गेनूने उपरणं ओढून बैलाच्या पाठीवर फेकलं आणि उघडा हात डोक्याच्या वर धरला. पाच आणि एक बोट दाखवलं, मग तीन. बाजार बघतच राहिला. गेनू दलालाचा आकडा उघड्यावर कुणी कधी बघितला नव्हता.

"गेनूभाऊ, कशाचा भाव म्हनायचा ह्यो?" भिमाजी व्यापाऱ्याने विचारलं.

"भाव न्हाई. पोरीचं टक्कं हायेत. त्रेसष्ट." गेनूच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि तो त्या पुसत नव्हता. "कसं आलं ते इचारा तिला. समदी रीत सांगती ती."

आणि पुतळाने, तिथेच, बैलांच्या मधे उभं राहून, पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.