अबोली कोर्टवर कोसळली

शनिवारी दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी अबोली डोंगरे कोर्टच्या मधोमध कोसळली. तिला सन्मानचिन्ह मिळून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

कॉलेज बास्केटबॉलच्या सीझनमधल्या पहिल्या महिन्याच्या पाच सर्वोत्तम खेळाडूंचा सत्कार सामन्याआधी ठेवला होता. अबोलीचं नाव तिसरं होतं. वय वीस, नऊ सामने, सरासरी एकोणीस गुण. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावाहून मराठी मंडळाचे तीसेक लोक तिच्यासाठी आले होते. खेळायला उतरताना ती वाकून कोर्टला हात लावते आणि तो कपाळाला टेकवते, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे ती खाली गेली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नमस्कार केला बघा पोरीनं!" मंडळाचे विवेककाका ओरडले.

सत्काराच्या व्हिडिओत या टाळ्या अकरा सेकंद ऐकू येतात. मग टीमची ट्रेनर धावत आली. शॉक देणारं यंत्र दोनदा लावल्यावर हृदयाचे ठोके परत आले.

पावणेतीनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईवडिलांना विचारलं, घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?

"नो," वडील अरुण म्हणाले.

आई शैलजा त्यांच्याकडे वळल्या. "आणि संग्रामभाऊजी?"

"तो अ‍ॅक्सिडेंट होता."

"अहो, मला सांगताय? कबड्डी खेळताना पडले ते. मी होते तिथे."

"हळू बोल."

"कशाला? या डॉक्टरला मराठी कळतं?"

संग्राम अरुण यांचा धाकटा भाऊ. तेवीस वर्षांपूर्वी नागपुरात वारला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याच महिन्यात बहिणीचं लग्न ठरत होतं. घराण्यात हृदयाचा दोष आहे म्हटल्यावर स्थळ हातचं जाईल, म्हणून त्यांच्या आई गिरजाबाईंनी ठरवलं, मोटरसायकलवरून पडला असं सांगायचं. सगळ्यांनी तेच सांगितलं, लग्न झाल्यावरही. अबोली टीममध्ये आली तेव्हा आरोग्याच्या फॉर्मवर हाच प्रश्न होता. अरुणनी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर खेळण्याआधी तिच्या हृदयाची तपासणी झाली असती.

"फॉर्म तूही वाचला होतास," अरुण म्हणाले.

"वाचला होता. सहीसुद्धा केली."

मग शैलजांनीच डॉक्टरांना सगळं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि संग्रामचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागितला. पोस्टमॉर्टेम कधी झालंच नव्हतं; गिरजाबाईंनी करू दिलं नव्हतं.

अबोलीच्या मेंदूला प्राणवायू किती वेळ मिळाला नाही, हे अजून सांगता येत नाही. रविवारी दुपारी चार वाजता गुंगीचं औषध थांबवण्यात आलं. संध्याकाळी सव्वासहापर्यंत अबोलीने डोळे उघडलेले नाहीत.