वेगवेगळ्या डब्यांतल्या दोन जागा

राजधानीतल्या रेतिरो स्थानकाहून दूर उत्तरेच्या तुकुमानला जाणाऱ्या गाडीची तिकिटं तीन प्रकारची, आणि तुकुमानकडच्या माणसाला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. प्रिमेरा म्हणजे पहिला वर्ग. नाव मोठं, लक्षण खोटं, कारण त्याच्याखाली दुसरा वर्गच नाही. तिथे पाठ ताठ करून बसायचं, शेजारणीचं पोर मांडीवर घ्यायचं आणि वाटेतलं रोसारिओ येईपर्यंत आपली सगळी कहाणी डब्याला सांगून मोकळं व्हायचं. पुलमनची खुर्ची मागे कलते, त्यामुळे तिथली माणसंही जरा तोऱ्यात असतात. आणि कामारोते म्हणजे खाली-वर दोन बिछाने असलेली, आतून कडी लावता येणारी खोली. ती एकट्याला देत नाहीत, दोन नावं लागतात. म्हणून कामारोतेच्या डब्यातून एखादा पुरुष आणि एखादी बाई पाठोपाठ उतरली, की फलाटावरच्या लोकांना पुढचं काही विचारायचं राहत नाही.

नेलिदाने मनाशी ठरवून टाकलं होतं, की एवारिस्तो खिडकीवर जे तिकीट मागेल, तेच त्याचं उत्तर. त्याला अर्थातच तिने हे सांगितलं नव्हतं. सांगून मागायचं असतं तर सतरा वर्षं कशाला थांबली असती?

सतरा वर्षं हे घोंगडं भिजत पडलं होतं. नेलिदाचं व्हिया बाजेस्तेरमध्ये ताज्या, सारण भरलेल्या रावियोलीचं दुकान होतं आणि एवारिस्तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर खालीवर करून संध्याकाळी होता तिथेच उतरायचा, हा त्याचा धंदा आणि हाच स्वभाव. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला यायचा, तिच्या पंख्याला तेल घालायचा, तिच्या बहिणीच्या पोरांना काका म्हणून चालायचा. फक्त लग्नाचा विषय निघाला की त्याची आई आडवी यायची. म्हणजे आई तुकुमानला, पण यायची. आई फार देवभोळी, आईचं काळीज नाजूक, नवरा सोडलेली सून घरात आली तर आईला धक्का बसेल. आई आहे तोवर थांबू, असं तो म्हणायचा. आई आता नव्वद वर्षांची होत होती आणि जाण्याचं कसलंही चिन्ह दिसत नव्हतं.

आईच्या नव्वदाव्या वाढदिवसाला मी येणार, असं नेलिदाने एका रविवारी ताट उचलता उचलता सांगून टाकलं. एवारिस्तोच्या घशात रावियोली अडकली. ओळखीची बाई म्हणून यायला काही हरकत नाही, असं त्याने पाणी पिऊन झाल्यावर मान्य केलं.

जुलैच्या हिवाळी सुट्टीची तिकिटं सुटली त्या सकाळी दोघं रेतिरोच्या रांगेत उभी होती. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. रांगेत येर्बाच्या कडू चहाचा पेला या हातातून त्या हातात फिरत होता, सगळे एकाच नळीने ओढत होते, आणि पेल्याबरोबर सल्लेही फिरत होते. एवारिस्तोने कोणता वर्ग घ्यावा यावर सगळ्या रांगेचं मत होतं, कारण तो प्रत्येकाला विचारत होता.

त्याचं तळ्यात-मळ्यात सकाळपासून चालू होतं. प्रिमेरात माणसं भेटतात, पण सगळी आपल्याच गल्लीतली भेटतात. पुलमन बरं, पण तिथे म्हणे गार हवा सोडतात आणि त्याची मान धरते. कामारोतेचं नाव निघालं की तो बंद खोलीत जीव कसा गुदमरतो ते सांगायचा. उभं आयुष्य लिफ्टच्या पेटीत काढलेला माणूस हे सांगत होता. नेलिदा ऐकत होती आणि ताकास तूर लागू देत नव्हती. तिच्या दुकानात अशी गिऱ्हाइकं रविवारी हमखास येतात. रांगेत पाऊण तास उभं राहायचं आणि काउंटरशी येऊन विचारायचं, पालक घेऊ की पनीर? अशांना ती पटकन काहीतरी बांधून देते आणि पुढच्याला हाक मारते. घरच्या माणसाला तसं बांधून देता येत नाही, एवढीच अडचण होती.

तिच्या मागे होविता नावाची म्हातारी उभी होती. तिचे गुडघे नारळाएवढे सुजलेले. दरवर्षी ती लेकीकडे तुकुमानला जायची, दरवर्षी कामारोते मागायची आणि दरवर्षी जोडीदार आणा म्हणून तिला परत पाठवायचे. "जोडीदार आणायला मला स्मशानात जावं लागेल," असं ती येर्बाची नळी ओढत म्हणाली. नेलिदा हसली. त्या सकाळी ती तेवढीच हसली.

अखेर नंबर लागला. काचेमागचा कारकून बारीक मिशीचा, सकाळपासून लोकांच्या विनवण्या ऐकून वैतागलेला. त्याने यांत्रिक आवाजात सांगितलं की तिन्ही वर्ग आहेत. कामारोते मात्र एकच उरलंय, ते गेलं की संपलं.

नेलिदाचं काळीज धडधडायला लागलं. बावन्नाव्या वर्षी असं धडधडावं याचा तिला राग आला, आणि तरी ते धडधडत होतं.

"दोन प्रिमेरा," एवारिस्तो म्हणाला.

बरं, प्रिमेरा तर प्रिमेरा, तिने स्वतःला समजावलं. शेजारी बसू. सगळी गल्ली बघेल. तेही एक उत्तरच की.

"नशीबवान आहात," कारकून म्हणाला, "खिडकीजवळच्या दोन आहेत. अगदी लागून."

एवारिस्तोने काचेच्या भोकाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटला. कारकुनाने कानामागे हात धरला. एवारिस्तो पुन्हा पुटपुटला, कारकुनाने पुन्हा हात धरला. शेवटी नाइलाजाने त्याला आवाज चढवावा लागला, आणि चढवला तो असा की रांगेच्या शेपटापर्यंत पोचला.

"लागून नकोत. वेगवेगळ्या डब्यांतल्या द्या."

कारकुनाने लिहायचं थांबवलं. "साहेब, सकाळपासून लोक माझ्या पाया पडतायत, एकत्र द्या म्हणून. वेगळं बसवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. भांडण झालंय का?"

"भांडण कशाला होईल? लोक बोलतात हो. त्या गाडीत आमच्या आईच्या ओळखीचे फार."

रांगेत फिरणारा पेला होता तिथे थांबला. नेलिदाला आधी वाईट वाटलं, मग लाज वाटली, आणि मग ती लाज आपली नव्हेच हे ध्यानात येऊन ती एकदम शांत झाली. तिने एवारिस्तोला खांद्याने हलकेच बाजूला सारलं, दुकानात विचार करत राहिलेल्या गिऱ्हाइकाला सारते तसं.

"यांना एक प्रिमेरा द्या," ती म्हणाली, "आणि ते उरलेलं कामारोते मला."

"दोन नावं लागतात, बाई."

"आहेत की." ती मागे वळली. "आजी, ओळखपत्र काढा. खालचा बिछाना तुमचा."

होविताने ओळखपत्र काढायला एक क्षणही लावला नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईचे हात किती चपळ असतात, ते रांगेने पाहिलं. एवारिस्तोने नेलिदाची बाही धरली.

"अगं पण मी आईला काय सांगू? तू कोणाबरोबर आलीस म्हणून?"

"सांग, होविताआजीबरोबर आली."

गाडीत एवारिस्तोच्या वाट्याला व्हायचं तेच झालं. वेगळा डबा मागून अब्रू वाचेल असं त्याला वाटलं होतं, पण रांगेतली निम्मी माणसं त्याच्याच डब्यात निघाली. रोसारिओ यायच्या आत सगळ्या प्रिमेराला बातमी कळली होती, आणि त्याच्या आईच्या गल्लीतली एक बाई तर उठून मुद्दाम त्याच्यासमोर येऊन बसली. दुपारी तो कटलेटचं सँडविच कागदात गुंडाळून, सगळे डबे ओलांडत कामारोतेपर्यंत पोचला आणि दार वाजवलं. दार बोटभर उघडलं. फटीत होविता.

नेलिदा फार चिडलीय का, असं त्याने हळूच विचारलं.

"नाही रे बाबा. घोरतेय."

सँडविच होविताने आत घेतलं आणि कडी लावली. एवारिस्तो परत आपल्या जागेवर येऊन बसला. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिचा राग घालवायला त्याला येत होतं. गाढ झोपेचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

तुकुमानच्या फलाटावर त्याची आई आली होती. रोसेंदा म्हातारी नव्वदीची, पण बसण्याची ऐट पंचायतीच्या सरपंचाची. घरची वेताची खुर्ची आणवून ती बरोबर कामारोतेच्या डब्यासमोर मांडून बसली होती. मुलगा कुठून उतरणार, हे तिने मनाशी पक्कं धरलेलं. आधी होविता उतरली आणि लेकीच्या गळ्यात पडली. मग नेलिदा उतरली, बॅग हातात, केस नीट विंचरलेले, दोन वर्षांत आली नसेल एवढी झोप झालेली. म्हातारीने तिच्या मागे डोकावून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तू नेलिदा ना?"

"हो."

"तो कुठाय?"

"मागे, प्रिमेरात. येईल चालत."

 म्हातारी मान हलवत म्हणाली, "म्हणजे खरंच होतं तर. इतकी वर्षं फोनवर सांगतो, आई, मी एका पायावर तयार आहे, तीच नाही म्हणते. मला वाटायचं, हा थापा मारतोय. आज तुला एकटीला उतरताना बघितलं आणि पटलं. पोरी, एवढा वाईट नाहीये गं तो. का नाही म्हणतेस?"

नेलिदाच्या हातातली बॅग खाली टेकली. तेवढ्यात एवारिस्तो गर्दीतून वाट काढत, धापा टाकत येऊन पोचला. आईचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. आईचं नाजूक काळीज आईजवळ शाबूत होतं. त्याच्याच काळजाचं पाणी झालं होतं. त्याने नेलिदाकडे पाहिलं, जणू म्हणत होता, एवढ्या वेळी सांभाळून घे.

नेलिदाने ते ओळखलं. सतरा वर्षं ती तेच करत आली होती.

"रोसेंदाबाई," ती म्हणाली, "मी आजपर्यंत कधीच नाही म्हटलं नव्हतं."

"मग?"

"आता म्हणते."

म्हातारीने मुलाकडे पाहिलं, मग नेलिदाकडे, मग पुन्हा मुलाकडे. नव्वद वर्षांच्या बाईला हिशोब जुळवायला फार वेळ लागत नाही. ती उठली आणि नेलिदाच्या दंडात हात घालून निघाली.

"चल पोरी, खिम्याच्या एम्पानादा गार होतायत," ती म्हणाली. "खुर्ची आणेल तो."